रेनेची मिशीवाली आत्या

समोरच्याच्या नावाचा मतलब विचारल्याशिवाय त्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या माकणीच्या शिवारात झाला. हे गावाचं भाग्य की गावाच्या कर्माचं फळ, याचा निकाल गावानं अजून लावलेला नाही. आम्ही त्यांना मुकादम म्हणायचो. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत झालेलं, त्यामुळे 'अर्थ' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, नेहमी 'मतलब'. लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीत चढले, की कंडक्टरनं तिकीट विचारायच्या आत यांनी कंडक्टरला नाव विचारलेलं असायचं. एकदा एक तरणाबांड कंडक्टर एका म्हातारीला कोंबडीसकट खाली उतरवत होता. मुकादमांनी विचारलं, "साहेब, नाव?" तो गुरगुरला, "विश्वनाथ." "मतलब?" "मतलब काय? नाव आहे माझं." मुकादम शांतपणे म्हणाले, "म्हंजे जगाचे मालक तुमी. अन् एवढ्या मोठ्या जगात ह्या म्हातारीच्या कोंबडीला जागा न्हाय व्हय?" कोंबडी उमरग्यापर्यंत म्हणे खिडकीशी बसून गेली, आणि कंडक्टर दारात उभा राहून. हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण आमच्या गावात बघितलेल्यापेक्षा ऐकलेलं जास्त खरं असतं.

त्यांचं म्हणणं असं, की नाव म्हणजे माणसाच्या अंगावर पडणारा पहिला कपडा. पुढचे कपडे माणूस आपले आपण बदलतो. हा पहिला मात्र दुसऱ्यानं घातलेला असतो, आणि तोच मरेपर्यंत अंगावर राहतो. मग तो फाटका कशाला घालायचा? एवढं बोलून ते मिशीवरून हात फिरवायचे. मिशी म्हणजे काय सांगू! वळीव आला तर तिच्या आडोशाला दोन माणसं उभी राहतील, अशी.

हा नाद त्यांना लागला तो स्वतःच्याच नावापायी. जन्माचं नाव कचरू. आईनं म्हणे मनात एका राजाचं नाव धरलं होतं. पण त्या काळी वस्तीत पोर जन्मलं, की नाव वरच्या ओट्यांवर आधी ऐकवावं लागे. राजाचं नाव ओट्यावर गेलं, तिथं हसण्यावारी निघालं, आणि खाली वस्तीत परत येईपर्यंत त्याचं कचरू झालं होतं. छप्पन साली ही मंडळी बौद्ध झाली. बाकीच्यांनी घरातले जुने देव्हारे उतरवले. मुकादमांनी देव्हाऱ्याबरोबर नावही उतरवलं आणि स्वतःला पसंत पडेल असं दुसरं घेतलं. गावाला ते काही केल्या पचेना. जुन्या नावानं हाक मारली, की हे ओ देत नसत. "अरे, धोतराला आग लागलीय!" असं कुणी जुन्या नावानं ओरडलं असतं, तर हे जळून गेले असते, पण वळले नसते. शेवटी गावानं आपल्या परीनं तोड काढली: जुनं नको, नवंही नको, मुकादम म्हणा.

मुकादम ते झाले बहात्तरच्या दुष्काळात. विहिरींचे तळ दिसले, बैल छावणीत गेले आणि गाव उठून पाझर तलावाच्या कामावर आलं. एरवी ज्यांच्या बांधाला बांध लागत नव्हता, ती माणसं एका ओळीत खडी फोडायला बसली. मी, माझी बायको, माझी माय, सगळेच. मुकादमांकडे सकाळच्या हजेरीचं काम. पहिले काही दिवस त्यांनी निमूट नावं पुकारली. मग एका सकाळी कचराबाई, दगडू, उकंडा, धोंडाबाई अशी ओळीनं नावं आली आणि ते थांबले. म्हणाले, "म्या हितं माणसं बोलावतोय का उकिरडा उपसतोय?" आणि तिथल्या तिथं, उन्हात उभं राहून, त्यांनी नावं बदलायला घेतली. कचराबाईची सुगंधा केली. सुगंधाबाईला हे इतकं मानवलं, की घरी गेल्यावर नवरा जुन्या नावानं हाका मारमारून दमला, ही चुलीपुढून हलली नाही. "कानात बोळे घातलेस का?" तो ओरडला. ती म्हणाली, "तुमची बायको व्हय म्या. पर कचराबाई न्हाय." गडी तसाच उपाशी झोपला. दुसऱ्या रात्री भुकेनं शहाणा होऊन हळूच म्हणाला, "सुगंधे, भाकर वाढ." त्यांचा संसार पुढं फार सुखाचा झाला, असं सुगंधाबाई सांगते. नवरा काही सांगत नाही.

माझ्याही मागं लागले होते. मी धोंडिबा. "धोंडिबाराव, चांगलं नाव देतो, घ्या." मी म्हटलं, "मुकादम, हे झिजू द्या आधी, मग बघू." धोंड्याला झिजायला किती वेळ लागतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी नाद सोडला.

याच कामावर आठवड्यातून एकदा उमरग्याकडून एक जीप यायची. तिच्यातून दूधपावडर, गोळ्या आणि एक गोरी, उंच, नाकावर उन्हानं सालपटं निघालेली नर्सबाई उतरायची. फ्रान्स देशाची. हिंदी बोलायची, पण शब्द असे मोजून टाकायची, जणू तेही रेशनचेच होते. ती जीपमधून पुरती उतरली नसेल, तोच मुकादम पुढं. "बाई, नाम क्या?" "रेने." "मतलब?"

बाई हसली. इतक्या लांब येऊन हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. म्हणाली, "जो फिर से पैदा हुई."

मुकादमांच्या हातातली छत्री खाली आली. त्यांनी बाईला दगडावर बसवलं, आपण समोर उकिडवे बसले, आणि रांगेतली पोरं रिकाम्या वाट्या वाजवत असताना त्या नावाची सगळी हकीकत काढून घेतली. हकीकत अशी, की नाव लई जुनं, रोमच्या जुन्या भाषेतून आलेलं. पहिल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांत, माणूस पाणी शिंपडून धर्मात आला, की त्याचा नवा जन्म झाला म्हणून हे नाव घ्यायचे. बाईचं तेच, बाप्याचं तेच. लिहिण्यात फरक, हाकेत नाही. बाईच्या मुलखात गोष्ट सांगतात, की एक पोर नाव ठेवायच्या आधीच वारलं. तिथल्या धर्मगुरूला ते इतकं लागलं, की पुढं कित्येक वर्षांनी त्यानं प्रार्थना करून त्या पोराला मातीतून उठवलं आणि नाव ठेवलं रेने. "अन् आता? लई जणी असतील ह्या नावाच्या?" बाईनं मान हलवली. आजीच्या काळी गल्लोगल्ली होत्या. आजीच्याच हट्टानं हिचं ठेवलं. आता तिकडं कुणी ठेवत नाही. म्हाताऱ्यांचं नाव म्हणतात.

मुकादमांना बाईच्या देशाचा मनापासून राग आला. "एवढं सोन्यासारखं नाव म्हाताऱ्यांवर सोडून दिलं?" मग म्हणाले, "बाई, तसं बघितलं तो हमारी पूरी बस्ती रेने है. छप्पन साल से." बाईला किती कळलं कोण जाणे. पण तिनं आपली पाण्याची बाटली काढून आधी त्यांच्यापुढं धरली. आणि नावाचा मतलब कळलेला असल्यामुळे त्यांना ती घेता आली.

माझ्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते. घरी बस म्हटलं, तर म्हणाली, घरी काय खाऊ, उंबरा? जीप यायच्या दिवशीच तिचं पोट दुखायला लागलं. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. पोरगी झाली, पण निळी पडलेली, ना हालचाल ना रडणं. आडोशाबाहेर मला फक्त बाईचा आवाज येत होता, तिच्या भाषेतला. मुकादम बांधावर चढले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. सगळ्या हातोड्या थांबल्या. त्या तलावावर तेव्हा जी शांतता पडली, तशी पुन्हा मी कधी ऐकली नाही. बाई त्या एवढ्याशा तोंडात आपला श्वास घालत होती. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मग पोरगी रडली, आणि मी सांगतो, पार कर्नाटकात ऐकू गेली. बांधावर मुकादम खाली बसले होते. हात मात्र अजून वरच होते.

पोरगी जगली, तसा घरात वेगळाच पेच पडला. आधीच्या दोन मुलीच. माझ्या मायनं भाकरी थापता थापता जाहीर केलं, "नाव नकुसा. बोलणं संपलं." बायको कधी मायच्या पुढं बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "जिला एवढ्या तरासानं ठेवून घेतली, तिला नको म्हणायला माझी जीभ वळत न्हाय." माय म्हणाली, "तुझी नको वळवू. आत्या ठेवील." झालं. आणि मला तर बहीणच नाही. नाव ठेवायला उमरग्याहून कुणी लांबची चुलतबहीण आणायचं ठरलं.

हे मुकादमांच्या कानावर गेलं, आणि संध्याकाळी ते आमच्या दारात हजर. "माय, पोरीला आत्या न्हाय म्हणं?"

"न्हाय. उमरग्याची येतीय."

"तिला कशाला एसटीचा तरास? म्या हाय की."

मायनं तव्यावरून नजर काढली. "तुमाला मिशा हायत, मुकादम."

"काढू?" मुकादम म्हणाले. "मिशी ठेवायलासुदीक आमाला छप्पन साल उजाडावं लागलं, माय. पर पोरीसाठी उद्या काढतो."

ते थट्टा करत नव्हते. मायलाही ते कळलं. तिनं तवा उतरवला आणि पदरानं हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "नकुसा म्हंजे नकोशी न्हाय, मुकादम. तुमाला वाटतंय म्हातारी वंगाळ हाय. माझी पहिली दोन गेली. देवाची नावं ठेवली होती दोघांची, एकापेक्षा एक गोड. मग ह्यो झाला. ह्येला म्हणलं धोंडा. मरण दारात आलं तर म्हणंल, धोंडा काय उचलून न्यायचा! तसा ऱ्हायला ह्यो. नकुसा म्हणलं की मरणाला वाटंल, ह्यांनाच नको झालेलं आपून कशाला न्यावं."

मी माझ्या नावाची ही हकीकत पहिल्यांदाच ऐकत होतो. मुकादम दारातच उकिडवे बसले. म्हणाले, "माय, तुमी लपवायला नाव ठेवता. आमची ठेवली ती दाबायला. लांबनं दोन्ही सारखीच दिसत्यात. पोरगी मोठी झाल्यावर तिला कोण सांगणार, तुझं कंचं म्हणून? आन् मरण तर येऊन गेलंय हिच्याकडं. समद्या गावादेखत हात हलवत माघारी गेलंय. आता कुणापासनं लपवायचं?"

माय उंबऱ्यावर टेकली. पोरीकडं बघत राहिली. मग, इतका वेळ तुम्ही-तुम्ही करणारी माय, पोटच्या पोराला विचारावं तशी म्हणाली, "त्या बाईच्या नावाचा काय मतलब म्हणलास?"

"पुन्यांदा जन्मलेली."

"मिशा ऱ्हाऊ दे," माय म्हणाली.

बारशाला पाळणा उसना, घुगऱ्या रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या, पण बाया मात्र सगळ्या गावच्या. मिशीवाली आत्या बघायला लोहाऱ्याहूनही दोघी आल्या होत्या. मुकादम कडक धुतलेल्या सदऱ्यात, आपल्या बायकोनं शिवलेली कुंची घेऊन आले आणि पाळण्याशी मांडी घालून बसले. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मुकादम वाकले, आणि मिशी गालाला टोचू नये म्हणून ओठ आत ओढून त्यांनी पोरीच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं.

आता दस्तूर असा, की आत्यानं कुर्र केलं, की भोवतीच्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. हात वर गेले, आणि वरच राहिले. कामावर एका ओळीत बसलेल्या, पण गावात मुकादमांच्या वस्तीवरून जाताना पदर आवरून घेणाऱ्या बाया या. पुरुषाच्या पाठीला हात लावायचा, आणि तोही ह्या पुरुषाच्या? कुणी कुणाकडं बघेना. मुकादम वाकलेलेच. त्यांना उठताही येईना. सदऱ्यातून पाठीचा कणा दिसत होता.

माझी माय खेकसली, "काय गं, हातांना मेंदी लावलीया व्हय? आत्या हाय ती! हाणा!" आणि पहिला बुक्का तिनंच घातला. मग काय विचारता! दोन महिने खडी फोडून तयार झालेले हात ते. सुगंधाबाईनं तर नवऱ्याचं राहिलेलं उट्टंही तिथंच काढून घेतलं. दणादण आवाजानं बाहेर बांधलेली शेळी दावं तोडून पळाली. ती दुष्काळ संपल्यावर सापडली. मुकादम बाहेर आले, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सदऱ्याची शिवण उसवली होती. मी घाबरून विचारलं, "लई लागलं का?" ते म्हणाले, "धोंडिबाराव, कुणी ऱ्हायली असंल तर बोलवा."

पुढच्या साली पाऊस पडला. नर्सबाई तिच्या मुलखाला परत गेली, आणि तिचं नाव मात्र आमच्या शिवारात रुजलं. कुणाचं पोर तापातून उठलं, की त्याला लोक लाडानं रेने म्हणायचे. बंद पडून परत सुरू झालेली पिठाची गिरणी रेने झाली. ऐंशीच्या पुढं गावात दूध सोसायटी निघाली. ती एकदा बुडून पुन्हा तरली, तेव्हा फळ्यावर हेच नाव लिहायचं चाललं होतं. तालुक्याच्या साहेबांनी हात जोडले म्हणून राहिलं. त्या सोसायटीचे सेक्रेटरी अर्थात मुकादम. निम्म्या गावाच्या म्हशींचं नाव काळी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी एकेकीला वेगळं नाव देऊन टाकलं. माझी पोरगी रोज संध्याकाळी दूध घेऊन जायची. ती वळणावर दिसली, की मुकादम सोसायटीच्या पायरीवरून हाक मारायचे, "रेनेऽऽ!" आणि ती तिकडून, "ओ, आत्याऽऽ!" नवा दूधतपासनीस आला, की त्या आत्याला शोधत बसायचा.

पोरीचं लग्न ठरलं ते उमरग्याच्या घरात. मुलगा ट्रक रंगवायच्या कामावर, घर चांगलं. घरात त्याच्या आईचा शब्द. सीमेवरची, अर्ध्या कानडी बोलीची माणसं, आईला सगळे अव्वा म्हणत. सगळं पसंत पडलं आणि मुकादमांची झोप उडाली. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव काढतो, हा दस्तूर. आमच्याकडं येऊन बसायचे, चहा निवायचा. "बदलतील का हो?"

"सगळेच बदलतात, मुकादम. तुम्हीच सांगा त्यांना."

"कंच्या तोंडानं सांगू? जनमभर दुसऱ्यांची नावं बदलत फिरलो. आता माझ्यावर आली म्हणून बदलू नका म्हणू?"

आणि खरंच ते काही बोलले नाहीत. लग्नात मांडवाच्या अगदी कडेला, खांबाला टेकून उभे राहिले. ताट आलं. अव्वा म्हणाल्या, "लक्ष्मी काढ रे, तम्मा. चांगलं नाव हाय." नाव चांगलंच होतं, कुणी काय बोलणार? नवरदेवानं अंगठी तांदळात टेकवली. माझ्या पोरीनं मान वर करून मांडवाच्या कडेला बघितलं.

तेवढ्यात माझी माय, आता पार वाकलेली, काठी टेकत ताटापाशी आली. "लक्ष्मी ग्वाडच हाय, अव्वा. घरात येतीयाच ती, नाव काढा न काढा. पर ही पोरगी एकदा मरून जन्माला आलीया. आता तुमी परत नव्यानं जन्माला घालू नगा. दमंल ती." अव्वा खुदकन हसल्या. "मग काय काढायचं, आजी?"

"हाय त्येच काढा. लई बुक्के खाऊन ठेवलंय."

नवरदेवानं तांदळात रेने काढलं. ट्रकवर पाट्या रंगवणारा गडी, अक्षर झकास होतं.

मी खांबाकडं बघितलं. मुकादम हसतील, मिशीवर हात फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खांब सोडला. दुपारी पाठवणी झाली. बाया रडल्या, जीप धुरळा उडवत उमरग्याच्या रस्त्याला लागली. आम्ही दोघंच रस्त्यात राहिलो. मी म्हटलं, "बघा, तुमचं नाव राहिलं."

"ऱ्हायलं," ते म्हणाले. "पर धोंडिबाराव, मतलबाचं खरं न्हाय बघा. लई धुंडला म्या. सांजच्याला दारातनं हाक मारावी आन् तिकडनं ओ यावी, त्येच्याफुडं मतलब न्हाय नावाला."

धुरळा बसत आला होता. जीप वळणापलीकडं गेली, तसं त्यांनी एकदाच, अगदी हळू, तिला नावानं हाक मारली. आणि थोडा वेळ थांबले.

मग मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही जेवायला गेलो. घरच्यांची पंगत बसायची राहिली होती.